आईच्या कसाव्याची पानं

एन्टेबे, २० फेब्रुवारी

प्रिय अपोलोत,

आईला मातीत ठेवून आले, त्यानंतर तुला एक ओळही लिहिली नाही. माफी मागायला शब्द जुळवत बसले तर आणखी एक आठवडा जाईल, म्हणून सरळ मागते. मध्यंतरी फक्त निरोप धाडला होता, ‘आईच्या शेतातल्या कसाव्याची पानं पाठव, रोग आहे का ते बघते.’ सोरोटीच्या बसवाल्याने पुडकं हातात ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली हिरवीगार पानं, आणि चिठ्ठी नाही. मी कागद झटकूनही पाहिला.

शेतकी कॉलेजात इतकी वर्षं शिकवून मी पुन्हा बाकावर बसले आहे आणि अक्षरं शिकते आहे. प्रत्येक जिवाच्या आत चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ असते. यंत्र ती वाचून देतं. आपण ती संगणकावर ओळखीच्या ओळींखाली मांडायची आणि कोण कोणाचं ते शोधायचं. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची, आपसात लुगांडात बोलणारी. मला ‘जाजा’ म्हणतात, आजी. ‘जाजा, माउस चावत नाही, धरा घट्ट!’ मीही हसते. पण जेवताना जाजाच्या शेजारची खुर्ची रिकामीच राहते. ताटात रोज मातोके, तीच शिजवून कुस्करलेली हिरवी केळी. आपला नाचणीचा अटाप नाही, आणि असता तरी एका ताटात हात घालायला दुसरं कोणी नाही. परवा खोलीत मी आपल्या भाषेत मोठ्याने म्हणाले, ‘दार लाव गं.’ मग मीच उठून लावलं.

एक गोष्ट मात्र फार आवडली. दोन ओळी एकाखाली एक मांडताना एखादीत मधलं अक्षर गळालेलं असतं. तिथे आडवी रेघ ओढून जागा राखायची. ती ओढली नाही तर पुढची सगळी अक्षरं एक घर सरकतात, आणि सख्ख्या ओळीही परक्या दिसतात. आमच्या बाई, डॉक्टर नाबुकेन्या, हे फळ्यावर दाखवत होत्या आणि मला आपलं अंगण आठवत होतं. आई गेली, तिची जागा तू सांभाळलीस तुझ्या रीतीने, मी सांभाळली माझ्या. तिथे काही गळालं आहे, असं आपण दोघी बहिणींनी एकमेकींना म्हटलंच नाही. तेव्हापासून आपलं काही जुळत नाही. कदाचित मी उगाच अर्थ लावत असेन. मला ती खोड आहेच.

मग तुझ्या पानांची पाळी आली. त्यातून मिळालेली ओळ मी कसाव्याच्या तपकिरी कुजीच्या विषाणूच्या ओळीखाली मांडली. काहीच जुळेना, रेघाच रेघा. मला इतका आनंद झाला की सरोवराकाठी जाऊन भाजलेला मासा घेतला आणि विकणारीला आपल्या भाषेत सांगितलं, ‘आईचं शेत वाचलं!’ तिला वाटलं मी मीठ मागते आहे. तिने चिमूटभर जास्त घातलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पडद्याकडे पाहिलं. म्हणाल्या, ‘असेकेन्ये, जुळलं नाही म्हणजे रोग नाही, हे तुला कोणी सांगितलं? परसदारी उभी राहून पुढच्या दाराची कडी शोधते आहेस. फिरव ती ओळ.’ यंत्रात घालण्याआधी ही ओळ दुपदरी करून घेतात, आणि पदर एकमेकांच्या उलट्या दिशेने धावतात. यंत्राने माझ्या पानाचा दुसरा पदर वाचला होता. मी ओळ उलटी केली, प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा जोडीदार घातला. विषाणूच्या ओळीखाली अक्षराला अक्षर बसत गेलं. मुलांनी टाळ्या पिटल्या, ‘जाजाला सापडला!’ त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यासाठी तो धडा होता. मी दुसरं पान तपासलं. तेच.

म्हणून हे पत्र. महिनाअखेरीला आईचा शेवटचा विधी आहे, आणि पाऊस तोंडावर. गावातल्या बाया येतील. आई देत असे तशा तू त्यांना लावणीसाठी तिच्या कसाव्याच्या कांड्यांच्या मोळ्या बांधून देशील. अपोलोत, देऊ नकोस. पानं हिरवी आहेत, पण कंद आतून कुजतील, आणि प्रत्येक कांडीबरोबर हा रोग प्रत्येक घरी जाईल. सगळं शेत उपटून जाळायला हवं. फोनवर सांगता आलं असतं. पण तू गप्प झाली असतीस आणि मी ‘बघू’ म्हणून माघार घेतली असती. बाया तुला बोलतील, ‘आईच्या शेताला काडी लावली’ म्हणतील. तेव्हा तू एकटी असू नयेस, म्हणून शनिवारच्या बसने मी येते आहे. तोवर एकही झाड उपटू नकोस. बाई म्हणतात, शेंड्याचा अगदी टोकाचा कोंब घेतला तर त्यातून प्रयोगशाळेत निरोगी रोप वाढवता येतं, कधी साधतं, कधी नाही. मी कोंबासाठी येते आहे की तुझ्यासाठी, हे मलाही नीट सांगता येत नाही. दार मात्र लावून घेऊ नकोस.

तुझीच,
असेकेन्ये

उद्याचं काम: बाईंकडून झाकणाची एक स्वच्छ बाटली मागून घेणे.