ट्रेलरचा कागद

दुसरबीड
९ जून २०२४

ती. दादास,
सुवर्णाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको. कोणी गेलं नाही. तीन वेळा फोन लावला, तू तिन्ही वेळा कापला. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर काही आलं नाही. मग म्हटलं, पोस्टमन तरी तुह्या दारात जाऊन उभा राहीन.

गुन्हा माह्याच हातून झाला, आधी तेच सांगते. लकवा मारलेल्या हाताले बारीक काम द्या, असं डॉक्टर म्हणले, आणि तू बाबाले तो सुटे भाग जोडून बनवायचा ट्रेलर पाठवला. दादा, बाबानं तो खरंच मांडला होता! उजव्या हातात चिमटा धरून चार दिवसांत चेसिस उभी केली. एकतीस वर्षं नागपूर-मुंबई खराखुरा ट्रेलर हाकलला त्या माणसानं, आणि इतकुशा चेसिससाठी जेवण विसरून बसला होता. मले तर घरात जाऊन रडू आलं.

आणि त्याच्या जोडणीचा कागद मी कापला. चांगला मोठा, जाड, मागून कोरा. ब्लाऊजचं कटिंग काढायले मी जी रद्दी ठेवते, तिच्यातच होता. गिऱ्हाईक बाई दारात बसलेली. मी बाहीचा नमुना काढला, कात्री चालवली, पलटवून पाह्यते तर चाकं! दुसऱ्या दिवशी उरलेले तुकडे शोधायले गेली, तर आमच्या ह्यांनी सकाळीच त्याच्यावर पाणी तापवलं होतं. रद्दीत तो कागद गेला कसा, देवच जाणे. माह्या डोक्याले काय झालं होतं कोण जाणे.

बाबा म्हणते, जाऊ दे, त्याले लिहू नको, मले आता दिसत बी नाही तेवढं. पण मी त्याचं ऐकत नसते. खोक्यावरचा नंबर ह्या पत्राच्या मागच्या बाजूले उतरवला आहे. कंपनीकडून दुसरा कागद मागव, नाहीतर इंटरनेटवर पाहा. तू तर दिवसभर त्याच्यातच बसलेला राह्यतं.

वंदना वहिनीले जयभीम, प्रेमले पापा. माया आहे तशी ठेव, नाही ठेवली तर पुण्याले येऊन भांडीन.

तुझी,
सुवर्णा


पुणे
२७ जून २०२४

चि. सुवर्णास,
अ. आ. व जयभीम.

पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांसमोर घरचे फोन घेता येत नाहीत, हे तुला किती वेळा सांगायचं? आणि बाहीच्या नमुन्यासाठी सबंध दुसरबीडात तुला दुसरा कागद मिळाला नाही का? बाबांसाठी एक वस्तू मी विचार करून पाठवली होती, तिची ही गत.

नंबर पाहिला. मॉडेल जुनं आहे, कंपनीनं बंद केलं. दोन दुकानांत विचारलं, तिथला माणूस हसला. तेव्हा आता खोक्यावरचं चित्र बघून बाबांना जोडू दे. ज्यांचं आयुष्य ट्रेलरवर गेलं त्यांना कागद कशाला हवा? तो विरंगुळा आहे, परीक्षा नव्हे.

पावसाळ्यात येणं जमणार नाही. आई गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून संध्याकाळीच निघालो, ते तू अजून ऐकवतेस, ठाऊक आहे मला. दसऱ्याच्या सुट्टीत नक्की येतो, तसं बाबांना सांग. रागावलो असलो तरी लोभ कमी नाही, तोही सांभाळून ठेव.

तुझा,
धम्मदीप


दुसरबीड
११ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

कागद मिळाला. तुह्या पुण्यात नाही, खामगावात. आमच्या ह्यांच्या ओळखीचे वामनराव म्हणून रिटायर ड्रॉइंग मास्तर आहेत, त्यायच्या घरात आगगाड्या, विमानं, सगळी अशीच जोडलेली. मी यस्टीनं दोनदा गेली. त्यायनं त्यायच्या मोबाइलच्या गटात नंबर टाकला आणि कुठल्या तरी दूरदेशच्या माणसानं आपल्याजवळच्या कागदाचे फोटो काढून पाठवले. मास्तरांनी ते छापून, चिकटवून, सबंध कागद करून दिला. मी सणासारखी घरी आली रे.

बाबानं कागदाकडं पाह्यलं बी नाही. मग मीच उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलं आहे, खोक्यात सुटे भाग अडकवलेल्या प्लास्टिकच्या दहा चौकटी पाहिजेत, ए पासून जे पर्यंत. आपल्याकडं आठ. डी नाही आणि जी नाही. डीमध्ये चाकांचे एक्सल, जीमध्ये मागची दारं. एक्सलच नाही तर ट्रेलर चालतो का, सांग बरं!

सगळं घर उलथं केलं. गोधड्या झटकल्या, ज्वारीची कोठी रिकामी केली. माह्या पोरीले, महामायाले, असल्या वस्तूंचा नाद, म्हणून तिले दोन थापडा मारल्या. पोरगी शपथा घेऊन राह्यली होती, मी ऐकलं नाही. तेव्हा बाबा खाटेवरून बोलले, की तिले मारू नको, माह्याच हातून सांडले असतील, ह्या हाताले काही समजत नाही. त्या दिवसापासून तो हात मांडीखाली दाबून बसते. डाव्या हातानं जेवते. चमचा पुढं केला तर तोंड फिरवते.

मग मी उरलेल्या पिशव्या नीट पाह्यल्या. दोन पिशव्या कात्रीनं कापून परत पिना मारलेल्या आहेत. दादा, आमच्या घरात स्टेपलर नाही. खोकं पाठवायच्या आधी कोणी उघडलं होतं काय? हाव की नाही, तेवढं लिही. बाकी खुशाली नंतर.

सुवर्णा


पुणे
२४ ऑगस्ट २०२४

चि. सुवर्णास,
अ. आ.

हो, उघडलं होतं. एप्रिलमध्ये प्रेमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, त्याला क्रेन बनवायची होती, ऐनवेळी एक्सल कुठून आणणार? ते खोकं मला ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये मिळालेलं, तीन वर्षं माळ्यावर पडून होतं. नंतर बाबांच्या हाताबद्दल तुझ्याशी बोलणं झालं, मला ते आठवलं आणि पाठवलं. दोन चौकटी कमी आहेत हे बाबांना कळणार नाही असं वाटलं. एवढंच.

तू ह्याचं महाभारत करू नकोस. मला इथं काय काय निस्तरावं लागतं त्याची तुला कल्पना नाही. दुसऱ्या मॉडेलचं नवं कोरं खोकं मागवलं आहे, पोस्टानं येईल, आत कागदही आहे. बाबांना ह्यातलं काही सांगू नकोस, दसऱ्याला आलो की मीच सांगेन. महामायाला माझ्यातर्फे चॉकलेट दे. चुकलं असेल तर मोठ्या भावाला सांभाळून घे.

तुझा,
धम्मदीप


दुसरबीड
२२ सप्टेंबर २०२४

चि. धम्मदीप यास,
बापाचा जयभीम.

सुवर्णानं तुहं पत्र माह्यापासून लपवलं. तिचं तोंड पाहून समजलं, मग गादीखालून काढून वाचलं. तिले बोल लावू नको.

मले पहिल्याच दिवशी माहीत होतं. ड्रायव्हर माल ताब्यात घेते तेव्हा आधी सील पाह्यते, मग नग मोजते, मग सही करते. सही झाल्यावर जे कमी निघते ते ड्रायव्हरच्या अंगावर, मालकाले कोणी विचारत नाही. तुह्या खोक्यावर चिकटपट्टी दोनदा लावली होती. आत कागदावर दहा नग, मी मोजले तर आठ. तरी ठेवून घेतलं. पोरानं पाठवलं होतं.

सुवर्णा मोजीन, तुह्याशी भांडीन, आणि तू सणावारालेही येणार नाही. म्हणून तो कागद मीच तिच्या कटिंगच्या रद्दीत सरकवला. मले वाटलं, कापला जाईल आणि मिटून जाईल. पोरगी दोन महिने स्वतःले शिव्या देत राह्यली, खामगावच्या चकरा मारल्या, लेकराले मारलं. मी खाटेवर बसून सारं पाह्यलं. हात सांडते म्हणून खोटं बोललो, पण खरं काही तोंडातून निघालं नाही. महामाया अजून आईजवळ झोपत नाही. ते माह्यावर आहे, तुह्यावर नाही.

पण बाबांना कळणार नाही, असं तू लिहिलं. ते तुह्यावर आहे. मले दोन नग कमी चालले असते, धम्मदीप. तू नुसतं सांगतलं असतं की पोराले लागले म्हणून काढले, तर मी गावभर सांगत फिरलो असतो, की माह्या नातवानं क्रेन बनवली.

तुहं नवं खोकं काल आलं. सील शाबूत होतं. मी सही केली नाही, पोस्टमनसंगं परत दिलं.

हात बरा आहे. हे पत्र उजव्यानंच लिहिलं, वाकडं असलं तरी वाचता येईल. वंदनाले जयभीम. प्रेमच्या क्रेनले नंबर आला काय, तेवढं कळव.

दसऱ्याले येणं झालं तर ये. नाही झालं तर कारण लिहू नको.

तुहा बाप,
माणिकराव