पिक्चरमधली पाटी

शुक्र. ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.१०
खालापूर नाक्यावर गॅरेजची पाटी रंगवत होतो. ‘पंक्चर’चा प झाला होता. मंडळातला चंद्या बाईकवरून आला. "ब्रश टाक रं, आपला पिक्चर लागला! भाऊंनी सगळ्या मंडळाची तिकिटं काढल्यात." भाऊ म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. डोंगराखाली त्यांचे फार्महाऊसचे प्लॉट पडतायत.
शूटिंग मार्चमध्ये इथेच झालं. सेटच्या पाट्या माझ्या. डोंगरावरचा पांडू आणि त्याच्या वाडीतली चौदा माणसं गर्दीत उभी होती, दिवसाचे पाचशे आणि जेवण. त्यांना मीच नेलं होतं.

शनि. ८ नोव्हें.
पिक्चर पाहिला. खोटं लिहिणार नाही, पहिला तास शिट्ट्या मारल्या. हिरोच्या बहिणीला मारून टाकतात, तो सूड घ्यायला गावी येतो. इथवर ठीक. मग कळतं, मारणारे डोंगरावरच्या वस्तीतले. चोर, पोरं पळवणारे, कुठून आले कुणास ठाऊक असे. हिरो म्हणतो, "डोंगर आमचा, हिशोबही आमचा." सगळं थिएटर उभं राहिलं.
कुऱ्हाड घेतलेला पांडू दिसला. शूटिंगवेळी त्याला सांगितलं होतं, तू लाकूडतोड्या.
मग वस्ती पेटवतात. त्याआधी पाटी दिसते: कुडावाडी.
पांडूच्या वाडीचं खरं नाव. सेट लावणारा आर्टवाला म्हणाला होता, कुठलंही नाव टाक. त्यांना सरकारी पाटी कधी मिळालीच नाही. म्हटलं, पडद्यावर तरी दिसेल.

सोम. १०
पांडू बाजारात. "आमी पिक्चरमंदी हाय म्हनं! माज्या आयला दाखवायचाय. कसा दिसतोय मी?"
"बरा दिसतोस."

बुध. १२
नाक्यावर वाडीच्या दोघा पोरांना अडवलं. मोळ्या खाली टाकायला लावल्या. चंद्या ओरडत होता, "हिशोब दे रं!" सगळे हसत होते. एकाचा ओठ फुटला.
संध्याकाळी पांडूची आई दुकानात आली. "दादा, आमी कुनाला मारलं?"
"पिक्चर आहे, मावशी. खोटं असतं."
"मंग नाव खरं का घातलं?"
मी ब्रश धूत राहिलो.

शुक्र. १४
चंद्या आला. रविवारी भाऊंची रॅली, घोषणा पिक्चरमधलीच. नाक्यापासून वरपर्यंत रस्ता दाखवणाऱ्या सहा बाणांच्या पाट्या हव्यात, प्रत्येकीवर ‘कुडावाडी’.
"अक्षर तेच काढ. लोकांनी ओळखलं पायजे."
"पण वर कशाला जायचं?"
"बघायला. लोकांना खरी वाडी बघायचीय." हजार रुपये माझ्या खिशात कोंबले. जाताना हसला. "काडेपेटी नाय नेत आमी, घाबरू नको."
मी काडेपेटीचं विचारलंच नव्हतं.

शनि. १५, दुपारी ४.२५
वाडीवर जाऊन आलो. पांडूला रॅलीचं सांगितलं. पाटी मी रंगवली तेही.
तो म्हणाला, "अक्षर लय चांगलं हाय तुजं."
एक दिवस सगळे कुठे जाता का, असं विचारलं.
"भात कापून पडलंय रं. कुटं जानार? आनि आज गेलो तर परत येऊ देतील का?"
पोलीस चौकीवर जावं, असं येताना तीनदा वाटलं. दारापर्यंत गेलो. आत भाऊंचा माणूस चहा पीत बसला होता.
सहा फळ्यांना पांढऱ्या रंगाचा हात दिलाय. सुकल्यात. नाव घातलेलं नाही. चंद्याचे चार फोन, उचलले नाहीत.

खर्च: पांढरा रंग १८०, रिक्षा ४०.
चंद्याचं देणं: १००० रु. किंवा सहा बाण. उद्या सकाळी ८ पर्यंत.