खोडायचा आकडा

३ मार्च
आज नवऱ्याचा आकडा खोडावा लागला नाही!

हवामान कचेरीत माझं काम हेच. शहरातल्या लोकांचे फोन आम्हाला हवेचा दाब आणि जागा पाठवतात. जमिनीवरचे आकडे ठेवायचे, विमानातून वर गेलेले खोडायचे — नाहीतर नकाशावर उगाच वादळ दिसतं. वैमानिक नवऱ्याच्या फोनवर ते ॲप मीच घातलं. उड्डाण असलं की त्याचा दाब हजारावरून आठशेच्या खाली येतो. आज उड्डाण असूनही उतरला नाही, संशय आला म्हणून त्याची अख्खी नोंद उघडली. दिवसभर एक हजार दहा, विमानतळाच्या गाडीतळावर.

घरी येऊन म्हणतो काय — "दोन फेऱ्या झाल्या. कंबर मोडली."

४ मार्च
एक हजार नऊ. गाडीतळ. गणवेश घालून, बॅग ओढत गेला होता!

७ मार्च
कळलं. त्याच्या कंपनीतल्या ओळखीच्या बाईंना सहज म्हणून फोन लावला. डोळ्यांच्या तपासणीत नापास. उडणं कायमचं बंद.

वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. बारा वर्षं पाहुण्यांसमोर ऐकलंय — "ही खाली बसून आभाळाचे आकडे मांडते, मी वर जाऊन बघून येतो." आणि सगळे खी खी हसायचे. आता बस म्हणावं खाली!

मी विचारणार नाही. त्यानेच सांगावं, स्वतःच्या तोंडाने.

१५ मार्च
रोज जेवताना विचारते, "आज वर ढग कसे होते?" तोही ठोकून देतो. आज म्हणे, "दाट होते. जरा हादरे बसले." आभाळ कोरडं ठणठणीत होतं, माझ्याच वहीत नोंद आहे! "अगंबाई, पोटात कालवलं असेल ना?" म्हटलं. घटाघटा पाणी प्यायला. मजा आली.

२३ मार्च
नणंद लेकीला घेऊन आली होती. मुद्दाम म्हटलं, "मामाला सांग, विमानात बसवून आण." पोर त्याच्या गळ्यातच पडली. "नेईन हं," म्हणाला. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. जेवण अर्धवट टाकून उठला.

२ एप्रिल
वाळलाय. दिवसभर त्या गाडीत बसून दुसऱ्यांची विमानं बघत असेल. विचारावं का? — असं आलं मनात. मग ते खी खी आठवलं. राहू दे.

९ एप्रिल
साहेब नव्या बाईंना काम समजावत होते. "कुणा एकाची नोंद उगाच उघडू नका. त्याला लगेच निरोप जातो, तुमच्या नावानिशी."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. तुम्ही वाचलं नाहीत कधी?"

रोज दोनदा तरी उघडलीय मी. म्हणजे तीन मार्चलाच त्याला कळलं, की मला कळलंय. ॲप बंद करता आलं असतं. केलं नाही. रोज संध्याकाळी मी तोंड उघडायची वाट बघत होता. आणि मी ढग विचारत होते!

आज घरी गेले की आधी विचारते.

१० एप्रिल
काल तो आलाच नाही. गणवेश कपाटात, इस्त्री केलेला. फोन लागत नाही.

कालचा त्याचा आकडा आज सकाळी यादीत आला. सातशे नव्वद. प्रवासी म्हणून गेला असणार. कुठे, ते दाब सांगत नाही. त्यापुढे फोन आमच्या शहराच्या हद्दीबाहेर, जागा येत नाही.

नियमाप्रमाणे खोडला.