एका पायाचं सांबर

१ फेब्रुवारी १९५४. सकाळी सात.
आजपासून नवी वही, नवं काम. मालगुजारी, म्हणजे आमची गावाची जमीनदारी, सरकारनं घेतली, बंदूक मी आपण होऊन खुंटीला टांगली. (काडतुसं मिळत नाहीत, हा भाग वेगळा.) राहिली ही टेकडी. चाळीस एकर दगड, वीस-बावीस मोहाची झाडं आणि माथ्यावर दोन खोल्यांची बंगली. वीज नाही, विहीर नाही. पाणी आमचा गडी लटारू खालच्या नाल्यावरून कावडीनं आणतो.
या टेकडीवर जंगली जनावरांना घर करून द्यायचं. मुख्यतः सांबर. निदान एक. मादी असेल तर उत्तम, गाभण असेल तर फारच उत्तम.
हेतू निव्वळ परोपकाराचा. सन चौतीसच्या त्या प्रकरणाशी काही संबंध नाही.

२ फेब्रुवारी. दुपारी.
ते प्रकरण एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. पौष महिना, हाका घातलेला. संध्याकाळ, उजेड कमी. मादीच्या मागे वाळकी फांदी होती, ती शिंगांसारखी दिसली. हाक्यातला बुधू गोंड शेजारी होता. तो काही तरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. एका गोळीत आडवी. पोटातून पिल्लू निघालं. कोणाच्याही हातून झालं असतं. रिवाजाप्रमाणे हाकेवाल्यांना वाटा दिला. पाय बुधूला गेले.
झालं. आता या विषयावर एक ओळ लिहायची नाही.

५ फेब्रुवारी.
बोडी खणायला घेतली. लहान तळं म्हणजे आमच्याकडे बोडी. संकल्प असा की प्रत्येक कुदळ माझ्या हातची. साडेसात ते पावणेआठ खणलं. कंबर धरली.

२० फेब्रुवारी.
बोडी पूर्ण. मी, लटारू आणि खालच्या टोल्यातली, म्हणजे गोंडांच्या वस्तीतली, नऊ माणसं, असे आम्ही मिळून खणली. मी देखरेख केली.
झरा लागला नाही. लटारू रोज वीस कावडी आणून ओततो. म्हणाला, जिथी पाणी मानसाले वाहून आनावं लागते, तिथी सांबर कायले येईन? अडाणी माणूस. निसर्गाला थोडा आधार द्यावा लागतो, हे त्याला कळत नाही.

२६ फेब्रुवारी.
बोडीकाठच्या चपट्या दगडावर खडेमीठ ठेवलं, एक शेर. सांबराला मिठाची फार आवड. सायंटिफिक गोष्ट आहे. लटारूला समजावून सांगितली. तो म्हणाला, मिठाची आवड टोल्यालेबी हाय मालक. विषयांतर करायची त्याची जुनी खोड आहे.

९ मार्च.
मीठ आहे तसंच. मोठं जनावर. वेळ घेणारच.

१० मार्च.
कारण सापडलं. माणसांचा त्रास. दरवर्षी या दिवसांत टोल्यातल्या बाया येतात, मोहाखालचा पाला जाळतात, जमीन साफ करतात आणि मग पहाटे टोपल्या घेऊन फुलं वेचतात. धूर, गोंगाट. सांबर कसं येणार?
तीन रूल्स केले. पाला जाळायचा नाही. झाडायचाही नाही. सकाळी दहाच्या आत टेकडीवर यायचं नाही, आधी जनावरांना खाऊ द्यायचं.
मोहावर बंदी मुळीच घातलेली नाही. दहानंतर वेचा की. मी काही निर्दय माणूस नाही.

२२ मार्च. सायंकाळ.
बुधरी आली होती. बुधूची सून. बुधू जाऊन सहा वर्षं झाली. म्हणाली, मालक, पाल्यात फूल सापडत नाई, अन् दहा वाजेपावतर गाई अन् ऊन दोगंबी खाऊन टाकते. मी तिला वन्य प्राण्यांसाठी त्याग या विषयावर थोडं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाजारात मोहा देतो तवा मीठ भेटते, औंदा काय देऊ?
प्रश्न बरोबर होता. पण माझ्यापुढे सांबराचा प्रश्न होता आणि तो मोठा होता. तिचं तोंड बुधूसारखं असायचं काहीच कारण नाही, सून आहे. तरी ती उभी होती तोवर मला बुधूच उभा आहे असं वाटत राहिलं. दूध लवकर घेतलं आणि पडलो.

४ एप्रिल.
मोहाखाली फुलांचा सडा. खाऊन कोण राहिलंय, तर टोल्याच्या गाई आणि वानरं. वानर हेही जंगली जनावरच. प्रगती आहे.

११ एप्रिल. सकाळी सहा. महत्त्वाचं.
सांबर आलं. मीठ साफ. ओल्या मातीत खुराचा ठसा, अगदी स्पष्ट. पुढचा उजवा पाय. आकारावरून मादी. बाहेरच्या नखीचा टवका उडालेला.
डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं झाली. लटारूला गूळ दिला. आमच्या कुटुंबाला, सुगंधाबाईंना, झोपेतून उठवून ठसा दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि चहा टाकायला गेल्या.

१५ एप्रिल.
पुन्हा मीठ साफ, पुन्हा ठसा. तोच पाय.

१८ एप्रिल.
तोच पाय. बाकीचे तीन उमटत नाहीत. खूप विचार केला. सांबर चालताना मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकतं, म्हणजे दोन पायांचा निकाल लागला. डावी बाजू खडकावर पडत असणार. जनावर अत्यंत सावध आहे. लटारूनं विचारलं, चार पायाचं जनावर एका पायानं कसं काय येऊन राह्यलं? त्याला हे सगळं सांगितलं. बरं म्हणाला.

२३ एप्रिल.
दगडावर मिठाच्या जागी पळसाच्या पानांचा द्रोण. त्यात चारोळी, सोललेली. वानरांनी जमवली असावी. खाल्ली, उत्तम होती. सुगंधाबाई म्हणाल्या, वानरं द्रोण कधीपासून लावायला लागली? निसर्गात अजून पुष्कळ गोष्टी माणसाला माहीत नाहीत.

२९ एप्रिल.
मीठ गेलं, ठसा आला, द्रोण आला. आता रोज सकाळी तेच. जाऊन उभा राहतो. मन हलकं होतं. माझ्या टेकडीवर मादी येते, पाणी पिते, मीठ चाटते. तिला मी चालतो. माफी झाली असं धरायला हरकत नाही.

५ मे.
झोप नीट नाही. तो टवका डोक्यातून जात नाही. बाहेरची नखी, पुढचा उजवा.
वर २ फेब्रुवारीला एका गोळीत असं लिहिलं आहे. गोळ्या दोन होत्या. पहिली पायाला लागली. तो लेखनातला दोष आहे, बाकी मजकूर बरोबर आहे.

१२ मे.
मजकूर अगदीच बरोबर नाही. पहिल्या गोळीनंतर ती लंगडत उघड्यावर आली होती. तिथे फांदी नव्हती. उजेड मात्र कमीच होता.

१६ मे. सकाळी आठ.
ऑब्झर्वेशनसाठी साडेचारला मचाणावर जाऊन बसलो, दुर्बीण घेऊन. थोडा डोळा लागला. फटफटलं तेव्हा बोडीवर हालचाल दिसली.
बुधरी.
कमरेला खोचलेलं काही तरी काढलं. वाळलेला पाय होता, खुरासकट. वाकून तो चिखलात दाबला, हातानं कडा नीट केल्या. मग मीठ पदरात घेतलं. द्रोण ठेवला आणि वर चारोळीची शीग लावली. शीग सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून दगडावर टेकवला.
आमच्या ओसरीवर वडिलांच्या वेळेपासून हा व्यवहार चालायचा. मीठ द्यायचं, चारोळी घ्यायची, मापास माप. मीठ आम्ही सपाट मापानं द्यायचो आणि चारोळी शीग लावून घ्यायचो. पंचवीस वर्षं माप माझ्या हातात होतं, आणि मी म्हटलं वानरं.
मचाण करकरलं. तिनं वर पाहिलं. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही, जणू लांबचं काही पाहतोय. रामराम मालक, म्हणाली आणि उतरून गेली.

१६ मे. दुपारी.
सुगंधाबाईंना सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लटारूलाही होतं. मला का सांगितलं नाही असं विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही इतके खुशीत होता, आणि तिला मीठ मिळत होतं. ठसा दिसला नाही तर तुम्ही मीठ ठेवणं बंद केलं असतं.
केलं असतं.

१७ मे.
तिन्ही रूल्स मागे घेतले. लटारूला टोल्यावर पाठवलं. निरोप आला, मोहा तं कवाच सरला, मालकाले सांगजो.
मोह पुढच्या चैत्रात. मधे अख्खा पावसाळा आहे.

१९ मे.
मीठ दोन शेर ठेवलं. जसंच्या तसं.

२१ मे.
जसंच्या तसं. मी पाहिलं म्हणून ती येत नाही. उद्या टोल्यावर जाऊन स्वतः बोलायचं. काय बोलायचं ते पाठ केलं आहे.

२२ मे.
निघालो. नाल्यापर्यंत गेलो. ऊन फार होतं. गुडघाही दुखत होता. (दुखत नव्हता.) लटारूबरोबर मिठाची पिशवी पाठवली.

२३ मे.
पिशवी परत आली. तिचा निरोप लटारूनं आहे तसा सांगितला: फुकटचं मीठ आमी खात नाई. चारोळीबी सरली. बदल्यात द्याले आता घरात काई नाई राह्यलं.
 पिशवी पुन्हा दगडावर नेऊन ठेवली.

२६ मे. सकाळी सहा.
पिशवी नाही.
ठसा नाही. ठसा उमटवायचं कारण उरलं नाही. दगडावर पळसाच्या पानात गुंडाळून तो पायच ठेवला आहे. वाळून काठी झालेला. खूर मात्र शाबूत आहे, बाहेरच्या नखीचा टवका सोडला तर. टवक्यावर बोट फिरवलं. गोळीनंच उडतो असा.
वीस वर्षं बुधूच्या दारावर टांगलेला होता, लटारू सांगतो. नजर लागू नये म्हणून. आता ते दार मोकळं आहे.
घरी आणला. सुगंधाबाईंनी पान उघडून पाहिलं. म्हणाल्या, आलं म्हणायचं तुमचं सांबर.
कुठे ठेवावा ते सुचत नाही. बंदुकीच्या खुंटीजवळ नको. सध्या टेबलावर आहे, या वहीशेजारी.
त्या संध्याकाळी उजेड चांगला होता. सूर्य मावळायला तासभर अवकाश होता. बुधू म्हणाला होता, मालक, मादी हाय, पोटुशी हाय. पहिल्या गोळीच्या आधी एकदा म्हणाला, दुसरीच्या आधी एकदा. मला दोन्ही वेळा ऐकू आलं होतं.