व्हर्लनच्या गिटारखालच्या सळ्या

गॅलटिन, टेनेसी
९ जून १९८४

ती. ऑर्लीनवन्सं यांना,
लवेडाचा सा. न. वि. वि.

आज शनिवार. सकाळी ऊन होतं. चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि दुपारी तुमच्या भावाला, व्हर्लनला, टेकडीवर आमच्या लेकीच्या, नेलीच्या शेजारी ठेवलं. तुमचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, येता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

तो गाणारा रॉयस टॅकेट आला होता. डुकराची भाजलेली अख्खी मांडी घेऊन आला. दुखवट्याच्या घरी सगळेच हॅम आणतात, पण त्याने तरी आणायला नको होता. नेली गेल्यावर व्हर्लनने तिच्यासाठी धून बांधली, ती यानेच मागून नेली. ट्रकवाल्यांच्या त्या विनोदी सिनेमाच्या दुसऱ्या भागात, नायक आईच्या थडग्यापाशी उभा राहतो तिथे वाजेल म्हणाला होता. वाजली ती चर्चमध्ये डुकरं घुसतात तिथे. दुप्पट वेगाने, वर डुकरांचं किंचाळणं चढवून. सिनेमा आठवड्यात पडला, रेकॉर्ड मात्र पेट्रोल पंपांवरही खपली. मग न्हाव्याकडे, दुकानात व्हर्लन दिसला की कोणीतरी डुकराचा आवाज काढायचंच. तो हसायचा आणि घरी येऊन जेवायचा नाही. ती धून त्याने पुन्हा टेपवर येऊ दिली नाही.

थडग्याशी माझा हात धरून रॉयस म्हणाला की, मिस लवेडा, रेकॉर्ड नव्याने निघतेय, सव्वीसला नॅशव्हिलला कार्यक्रम आहे, रेडिओवर लागेल. व्हर्लनच्या आठवणीत ती धून तो स्वतः संथ वाजवणार आहे. या वेळी डुकरं नाहीत, असं म्हणून डोळा मारला. त्याला व्हर्लनचीच स्टील गिटार हवी. पायाने पेडल दाबलं की तार ओढणाऱ्या, गिटारखालच्या सळ्या प्रत्येक वादक आपल्या हिशेबाने जोडतो, आणि ही धून व्हर्लनच्या जोडणीशिवाय निघत नाही.

मी म्हटलं, गुरुवारी ये. कुठली सळी कुठे ते मला पाठ आहे. व्हर्लन जोडायचा तेव्हा पाना मीच धरायचे.

पायाला जपा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
लवेडा

बोमाँट, टेक्सस
१२ जून १९८४

चि. लवेडा हिला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आजच मिळालं. मी पलंगावर पडून शेजारणीवर हुकूम सोडतेय, ती बिचारी देवाकडे माझा पाय लवकर बरा कर म्हणून धावा करतेय. तो हॅम तू कुत्र्याला घातला असशील अशी आशा आहे. कुत्र्याने तोंड लावलं नाही तर त्याची अक्कल रॉयसपेक्षा बरी.

तू कधी आवाज चढवला नाहीस, म्हणून तर मला तुझी भीती वाटते. त्या पान्याचं वाचून मी काय ते समजले. माझं ऐक. रॉयसला भर बाजारात चपलेने मार, जामीन मी राहीन. पण गिटारला हात लावू नकोस. एकदा तरी पोरीची धून लोकांनी नीट ऐकू दे, मग वाजवणारा कोणी का असेना. धून एकदा गेली की परत यायची नाही.

वेळेवर जेव. म्हातारीला विसरू नकोस.

तुझी,
ऑर्लीन

गॅलटिन
२७ जून १९८४

ती. ऑर्लीनवन्सं यांना,
सा. न. वि. वि.

आज बुधवार. हवा दमट आहे. शाळेचं स्वयंपाकघर सुट्टीमुळे बंद, म्हणून मी घरीच.

तुमचं पत्र हातात आलं तोवर गिटार गेली होती. आधी आलं असतं तरी मी तेच केलं असतं, खोटं कशाला लिहू. तो यायच्या आदल्या दिवशी मी गिटारखाली पाठीवर निजले आणि सगळ्या सळ्या सोडवून कारखान्यातून येतात तशा लावल्या. रॉयसने ती गाडीत चढवताना मला देवमाणूस म्हटलं.

मग त्याचा फोन. आधी गोड बोलला. नंतर कुठलं पेडल कुठल्या तारेला ओढायचं ते विचारलं. मी म्हटलं, मी पोरांना डाळिंब्या वाढणारी बाई, मला काय कळतंय. मग म्हणाला, लवेडा, नीचपणा करू नकोस, पोस्टरं लागलीत. मी म्हटलं, छान असतील. त्याने दोन नामांकित वादक बसवले. रेकॉर्डवरून काढायला गेले, तर नेमका जिथे पेडलने सूर वाकतो तिथेच डुकरं किंचाळतात. मूळ संथ टेप सिनेमाच्या वेळी रॉयसनेच कापून टाकलेली.

काल रात्री रेडिओ लावून बसले. तो म्हणाला, काही अडचणीमुळे ती धून होणार नाही. लोक डुकरांचं गाणं मागू लागले. वाजवावं लागलं; त्यात सूर वाकतो तिथे नुसतं किंचाळणंच, सळ्या लागत नाहीत. एकाने आवाज काढला, मग अख्खं थिएटर. तो पुढचं गंभीर गाणं सुरू करायचा, की पुन्हा तेच. शेवटी त्याने माइक बाजूला केला. मी शेवटपर्यंत ऐकलं आणि पोटभर जेवले.

आज निरोप आला, गिटार घेऊन जा. मी कळवलं, ठेव. रोज तिच्यासमोर बस.

तुम्ही म्हणालात ते खरं झालं. धून गेली. माझ्या डोक्यात आहे, पण मला साधी शीळही घालता येत नाही. तरी मला वाईट वाटत नाही. वाटलं तर कळवीन.

बैठकीतला कोपरा रिकामा दिसतो, म्हणून तिथे शिवणयंत्र सरकवलंय. पडद्याची कड उसवली आहे. दिव्यापाशी सुईत दोरा ओवला, आता ती शिवायला घेते.

तुमची,
लवेडा