कोतवाल अन चिंगीले बांधू नको

दादा,

तुहा फोन लागून नाई राहिला, म्हणून चिठ्ठी लिहून चालली. बाबाले अकोटच्या दवाखान्यात नेतो. घाबरू नको, ते बोलून राहिले.

सकाळी हरभऱ्याले पाणी देतानी बाबा ओल्या सरीत घसरून पडले. खुब्याले मार लागला, उठताच येईना. कपडे चिंब अन थंडी अशी, का बोटं वळत नव्हती. चिंगी भुंकत धावत घरी आली अन माही ओढणी दातात धरून ओढाले लागली. मी तिच्या मागं वावरात गेली, तर कोतवाल बाबाच्या छातीवर पसरून होता. स्वतः लटलट कापत होता, पण मी येईपर्यंत हलला नाई. गाडी घेऊन आलेले सूर्यभानकाका म्हणे, "पोरी, अशी ऊब आपल्याच्यानं देणं झालं नसतं."

दिवाळीत तुह्यासंगं वाजल्यापासून बाबा वावरातल्या खोपडीत राहतात, ते आता काढत नाई. पण इतक्या थंडीत हे दोघंच त्याइच्या घोंगडीत, त्याइच्या संगं होते. तू या दोघाइले तेल्हाऱ्याकडं सोडून येतो म्हणत होता, ते आता मनातून काढ.

दुधात भाकर कुस्करून दोघाइले दे. कोतवालले आधी कोरड्या पोत्यानं पूस, अन चुलीजवळ निजू दे.

वावरात गाडीत बसल्यावर बाबानं पहिले कोतवालचंच विचारलं. मंग म्हणे, "कुलदीप येईन काय?"

मी हो म्हटलं. लवकर ये.

पौर्णिमा