एकट्या माणसाचा नळ

प्रति,
मा. सहायक अभियंता,
उद्याने व पाणपोया विभाग,
कुकटपल्ली, हैदराबाद

विषय: लक्ष्मीबन वसाहतीच्या बागेतील दोनपैकी एका नळाला पायाने दाबायची पट्टी बसवण्याबाबत
संदर्भ: पहारेकरी शिवराज यांचे तोंडी उत्तर, "अम्मा, मेरे हाथ में कुछ नक्को, ऑफिस में लिख के देव"

महोदय,

आमची नात तेजश्री हिचे लग्न २०२२ साली झाले. त्याच उन्हाळ्यात बागेत पिण्याच्या पाण्याचे दोन नवे नळ बसले. पाणी थंड आहे, नळ गळत नाहीत. आधी आभार मानते, कारण पुढे तक्रार आहे.

१. जुन्या नळाची चावी फिरवली की दोन्ही हात मोकळे होत. नव्या नळाला समोर बटण आहे. ते दाबून धरले तरच पाणी येते. पाणी वाचते हे खरे, परंतु एक हात बटणावर गेल्यावर ओंजळ कशाची करायची? एका हातात मावते तेवढे पाणी तोंडाशी येईपर्यंत कोपरावरून पदरात जाते.

२. उपाय करून पाहिले. कोपराने दाबले तर तोंड पोहोचत नाही. एक गृहस्थ कपाळाने दाबतात. एका नव्या बाईंनी त्यांच्या मागे उभे राहून हात जोडले. मुलगा गौतम म्हणाला बाटली ने, पण खालचे भांडे इतके उथळ आहे की बाटली आडवी धरावी लागते. पोरे तोटीलाच तोंड लावतात, म्हणून ती उष्टी तोटी आम्हाला चालत नाही.

३. त्यामुळे एकाने दाबायचे आणि दुसऱ्याने प्यायचे अशी रीत पडली आहे. गाडी लावण्यावरून बोलणे तुटलेले दोन शेजारी एकमेकांसाठी बटण दाबतात, तोंडे मात्र दोन दिशांना. शेजारच्या इंदुताई म्हणतात, "पाणी प्यायला जाते म्हटलं की सून विचारते, कोणासोबत?"

४. एक गोष्ट नळाच्या बाजूने सांगणे भाग आहे. आमच्या घरात यजमानांना पाणी मी द्यायचे. गावाकडे ते शेतातून आले की तांब्या, जेवायला बसले की तांब्या. त्यांनी मला कधी दिले नाही. तशी पद्धतच नव्हती. या नळाशी प्रथम गेलो तेव्हा सवयीने मी बटण दाबले, ते प्यायले आणि चालू लागले. मी म्हटले, "अहो, मी काय कोरडीच येऊ?" ते परत फिरले. कोणी पाहत नाही ना, हे बघून त्यांनी बटण दाबले. मी मुद्दाम सावकाश प्यायले.
"झालं का?"
"अजून नाही."
दुसऱ्या दिवसापासून तेच पुढे जाऊन बटणावर अंगठा ठेवून उभे राहू लागले. शिवराजने चिडवले, "क्या बाबा, ड्यूटी लग गई?" तर म्हणाले, "पर्मनंट हूं."

५. आता मी बागेत एकटीच जाते. लोक बटण दाबून देतात, नाही असे नाही. पण परक्या माणसाला ताटकळत ठेवून सावकाश पिणे बरे दिसत नाही. दोन घोटांत मी "बस" म्हणते आणि तहान घेऊन घरी येते. डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या त्यामुळे अर्ध्यावर राहतात, आणि बाग सोडायची माझी इच्छा नाही.

तरी विनंती की, फाटकाजवळच्या नळाला पायपट्टी बसवावी. ती रुंद असावी, म्हणजे नऊवारीतही पाय नीट पडेल. लिंबाखालचा दुसरा नळ मात्र आहे तसाच राहू द्यावा. जोडीने येणाऱ्यांना तो चांगला आहे.

मी अक्षरे साठीनंतर गिरवली, तीही मराठीच, म्हणून अर्ज मराठीत आहे. सून भाग्यलक्ष्मी हिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मी वाचले, तिने तेलुगूत उतरवले. तिने लाजून काही गाळले असल्यास मूळ धरावे.

आपली नम्र, बागेत रोज सकाळी हजर असणारी,
गंगू नामदेवराव बिरादार
दि. ३ मार्च २०२५

सोबत: तेलुगू उतारा, पायपट्टीचे चित्र (सुनेने काढलेले, माप माझ्या पायाचे)

ता.क. चौकशीस कोणी आल्यास कलम ४ बाबत यजमानांचे म्हणणे घेता येणार नाही. नामदेवराव बिरादार गुरुवार, दि. ९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी राहत्या घरी वारले.